सात नंबरचा स्क्रू

कवडू पिंपळशेंडे खांद्यावर बॅटरी घेऊन माझ्यासमोर उभा होता. ट्रकची बॅटरी, तीसेक किलोची. मातीच्या ढिगाऱ्याचा तो डोंगर चढून आल्यामुळे त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. बॅटरी कुठे ठेवायची एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि 'कुठं'मधला 'क' काही केल्या सुटत नव्हता. तोंड उघडं, मान वर, डोळे मिटलेले. आवाज मात्र अजिबात नाही.

पत्र्याच्या त्या खोलीत बॅटरीला एकच कोपरा होता. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. मी दाखवलं नाही. हा किती वेळ उभा राहतो ते मला बघायचं होतं.

"कुठं ठेवू साहेब?" शेवटी तो म्हणाला. पहिलं अक्षर सुटलं की पुढचं वाक्य त्याचं तुमच्या-माझ्यासारखं सरळ यायचं.

"ठेव तिथं," मी म्हणालो. "आणि मला साहेब म्हणू नको. साहेब लोक खाली एसीत बसतात."

तो हसला. त्याला कशाचंही हसू यायचं.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची, चंद्रपूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीतली. दिवाळी नुकतीच झाली होती. खाणीत मी वायरलेस मेकॅनिक होतो. खाण म्हणजे दीड किलोमीटरचा खड्डा. खड्ड्यातल्या माणसाचा वॉकीटॉकी दुसऱ्या काठावरच्या माणसाला ऐकू जात नाही. म्हणून खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर, सगळ्यात उंच जागी, आमचा रिपीटर होता. एकाचं ऐकायचं आणि तेच जोरात सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. गावातल्या चहाडखोर बाईसारखं, असं मी नव्या पोरांना समजवायचो.

महिन्याभरापूर्वी एक डंपर ड्रायव्हर आपल्या माइकच्या बटणावर बसला होता. चाळीस मिनिटं अख्ख्या खाणीनं त्याच्या सासूची उणीदुणी ऐकली, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला बोलता आलं नाही. मग मॅनेजरसाहेबांनी नागपूरहून एक कंट्रोलर मागवला. लोखंडी डबा. तो रिपीटरच्या पाठीमागे पाच वायरींनी जोडायचा. मग कोण कधी बोलेल आणि किती वेळ बोलेल ते रिपीटर ठरवत नाही, डबा ठरवतो. ठरलेला वेळ संपला की डबा त्या माणसाला तोडतो. बटण सोडून पुन्हा दाबलं की पुन्हा तेवढाच वेळ. आमच्याकडे बारा सेट होते, प्रत्येक सेटला आपापला नंबर. डब्याच्या आत बारा बारीक स्क्रू होते, एकेका नंबरचा एकेक. पुस्तकात प्रत्येकाला तीन मिनिटं ठेवा असं लिहिलं होतं.

कवडू डबा दोन्ही हातांनी धरून बसला आणि मी वायरी कथलानं डाखल्या. तो हात हलू देत नव्हता. मदतीला असा माणूस मिळत नाही, हे तेव्हाही मला कळत होतं.

"हे काय करते?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"जो लांबण लावतो त्याचं तोंड बंद करते."

पुन्हा तो मान वर करून बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मले त्याचं भेव नाही. मी बोलतोच कधी?"

ते मात्र खरं नव्हतं. तो बोलायचा, आणि तो बोलायला लागला की सगळी खाण थांबायची.

कवडू कंत्राटी गार्ड होता. खाणीत रोज दुपारी दोन वाजता सुरुंगाचे बार उडवत. त्याआधी चार बाजूंना चार माणसं लाल झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन उभी राहायची, आणि आपल्या बाजूला जनावर, माणूस कोणी नाही असं बार उडवणाऱ्या फोरमनला कळवायची. उत्तर साफ, दक्षिण साफ, पश्चिम साफ. पूर्वेला सात नंबरचा सेट घेऊन कवडू. त्याचा 'पूर्व'मधला 'प' निघेपर्यंत फोरमनचा चहा गार व्हायचा. कंत्राटदार त्याला काढून टाकायला निघाला होता. घरी म्हातारी आई आणि दोन मुली. फोरमन निखाडेभाऊ मध्ये पडले नसते तर त्याची नोकरी तेव्हाच गेली असती.

निखाडेभाऊंनी तोड काढली. वॉकीटॉकीचं बटण दाबून, काही न बोलता सोडलं, की ऐकणाऱ्याच्या सेटमध्ये नुसतं 'खट्' वाजतं. "कवडूनं दोनदा दाबून सोडाचं," भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं. "दोन खट् मंजे पूर्व साफ. साफ नसन तं मंग बोलाचं. आन् तो बोलते तवा मधात कोणी बटन दाबाचं नाही. समजलं का?"

सगळ्यांना समजलं. मला ते आवडलं नाही. माझा स्वभाव घाईचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई माझ्याबद्दल म्हणायची. एक माणूस हवेत नुसता श्वास धरून बसलाय आणि अकरा माणसं त्याच्या पहिल्या अक्षराची वाट बघत हातावर हात ठेवून उभी आहेत, याचा मला संताप यायचा. त्यातून एकदा कँटीनमध्ये मी त्याची नक्कल केली. मान वर, डोळे मिटलेले, तोंडात घास. लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त कवडू हसला. निखाडेभाऊंनी मात्र ताट बाजूला सारलं.

"ढवस," ते माझं आडनाव घेऊन म्हणाले, "तुले देवानं धड जीभ देल्ली, तं तिचा हा उपयोग करतं का गा?"

कँटीनमध्ये सगळे खाली बघून जेवायला लागले. चार लोकांत पाणउतारा झालेला मी आयुष्यात विसरलो नाही, आणि तो विसरलो नाही हेच त्या दिवशी ढिगाऱ्यावर माझ्या हातात होतं. मी एक नंबरपासून स्क्रू फिरवत आलो. तीन मिनिटं, तीन मिनिटं, तीन मिनिटं. सातव्याशी आलो तेव्हा कवडूकडे बघितलं. तो डबा धरून दाराबाहेर कुठेतरी बघत होता.

सात नंबरला मी सहा सेकंद दिले.

सहा का, तर कवडूचं पहिलं अक्षर आठ-दहा सेकंदांनी सुटायचं. मी मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्याच्या टँकरला बोलवत होता. मी खाली वर्कशॉपमध्ये होतो. सेटमध्ये आधी शांतता आली, मग डब्यानं तोडल्याचं खट्, बटण सोडल्यावर वाजतं तसंच. पुन्हा शांतता, खट्. असं पाच वेळा झालं. टँकरवाला म्हणाला, "कोन हाय गा, खेळून रायला का बटनासंग?" मला इतकं हसू आलं की हातातला तापलेला डाखणा खाली ठेवावा लागला.

चौथ्या दिवशी कवडू सेट घेऊन माझ्याकडे आला. दारात उभं राहून त्यानं सेट पुढे केला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

"काय झालं?"

"सेट मरून जाते," तो म्हणाला. मध्ये किती वेळ गेला ते आता सांगत बसत नाही. "मी बोलाले लागलो का मरून जाते."

मी सेट उघडला, आत फुंकर मारली आणि बंद केला. "सेट ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तूच श्वास धरून बसतोस. सेटला वाटतं पलीकडे कोणी नाही. तो बंद होतो."

ही शुद्ध थाप होती. त्यानं ती प्रसादासारखी घेतली.

"मंग काय करू?"

"नाकानं श्वास घे. मनात देवाचं नाव घे. मग बटण दाब."

तो तिथेच उभा राहून नाकानं श्वास घेऊ लागला. डोळे मिटून, मान हलवत. माझा मदतनीस गोदामात पळाला, त्याला हसू आवरेना.

त्याच दिवशी संध्याकाळी गेटवर मला गेडाममाय भेटली. साठीची बाई, आमच्या पूर्वेच्या उतारावर गवत कापायला यायची आणि गेटवरच्या गोठेवाल्याला पेंढ्या विकायची. कवडूची ती कोणी नव्हती. दुपारी त्याच्याजवळ पळसाखाली भाकर खायला बसायची, एवढंच. तिनं पदरातून सहा सीताफळं काढून माझ्या हातात दिली.

"कवडूची मशीन नीट कर बाबू," ती म्हणाली. "चार दिस झाले, पोरगा जेवत नाही. त्याले वाटते, आता काढून टाकतेत."

"त्याच्या मशीनला काही झालं नाही, माय. तुझ्याशी तरी बोलतो का तो?"

"बोलते ना. लय बोलते." ती हसली. "त्याचं एक बोलनं होयेपर्यंत माही एक पेंढी होते. मले काय घाई हाय?"

सीताफळं गोड होती. खाताना मला थोडं वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. मजा झाली होती, आता रविवारी वर जाऊन स्क्रू फिरवून टाकू असं ठरवलं. रविवारी पत्ते रंगले. सोमवारी ऊन होतं आणि तो ढिगारा चढायचा मला कंटाळा आला. मंगळवारी निखाडेभाऊंनी विचारलं, "कवडू आजकाल सेटवर बोलत नाही. काऊन गा?" मी म्हणालो, "लाजत असेल." ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं. मी उगाच टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागलो.

बुधवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना मी वर्कशॉपच्या ओट्यावर बसून चहा पीत होतो. पहिला भोंगा होऊन गेला होता. खड्ड्यातली माणसं, डंपर, सगळं बाहेर आलं होतं. निखाडेभाऊंचा आवाज सेटवर आला. "उत्तर?"

"उत्तर साफ."

"दक्षिण?"

"साफ हाय भाऊ."

"पश्चिम?"

"पश्चिम साफ."

"पूर्व?"

शांतता. मी चहाचा घोट घेतला. खट्.

मग पुन्हा शांतता. ती मला जरा लांब वाटली. का ते कळत नव्हतं, पण माझं मन आपोआप मोजायला लागलं. तीन, चार, पाच, सहा. खट्.

"पूर्व साफ," निखाडेभाऊ म्हणाले. "सगळे आडोशाले व्हा. भोंगा देऊन रायलो."

मी कप खाली ठेवला. पूर्व साफ असती तर कवडूनं पटकन दोनदा दाबून सोडलं असतं. खट् खट्, दारावर टिचकी मारल्यासारखं. रोज तसंच करायचा. आज तो बटण दाबून धरत होता. कवडू बोलायचा प्रयत्न करत होता, आणि डबा त्याला सहा-सहा सेकंदांनी तोडत होता. भाऊंच्या कानाला ते दोन खट् म्हणजे दोनच खट् होते. हे सगळ्या खाणीत एका माणसाला कळलं, आणि तो ओट्यावर बसला होता.

शेवटचा भोंगा सुरू झाला. तो एक मिनिट वाजायचा. भोंग्याच्या आवाजातही मला सेटमधलं ऐकू येत होतं. खट्. मोजून सहा सेकंद. खट्. भाऊंनी त्यांचा सेट खाली ठेवला असणार, बार उडवायच्या पेटीची किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागते.

माझा सेट माझ्या हातात होता. चार नंबर. त्याला तीन मिनिटं होती. 'भाऊ, थांबा' एवढं म्हणायचं होतं. भाऊंच्या शेजारी सुरुंग भरणारा शॉटफायरर असतो, त्याच्या कमरेला सेट असतो, त्यानं ऐकलं असतं. अंगठा बटणावर होता. मला वाटलं, थांबा म्हटलं की भाऊ विचारणार, का? तुला वर्कशॉपमध्ये बसून कसं कळलं? मग मी काय सांगणार? कदाचित काही नसेलच. कदाचित कवडू पुन्हा टँकरच मागत असेल. सगळ्या खाणीसमोर बार थांबवायचा आणि निघालं काहीच नाही, तर?

मी मिनिटभर असा विचार केला. अंगठा बटणावरच होता.

बार उडाला. ओटा हलला, कपातला चहा बशीत सांडला.

पुढचं नंतर कळलं. गेडाममायची कालवड दाव्याला हिसका देऊन पूर्वेच्या उतारावरून खाली गेली होती. माय कवडूला म्हणाली, तुया भाऊले सांग थांब म्हणा, मी तिले घेऊन येतो. कवडूनं मान हलवली आणि बटण दाबलं. त्यानं मान हलवली म्हणून ती निर्धास्त गेली. भोंगा सुरू झाला तरी वळली नाही. आपल्यासाठी थांबवलंय, हा भोंगा त्याचाच, असं तिला वाटलं असेल. कवडूनं सेट टाकला आणि झेंडा घेऊन तिच्यामागे धावला. चाळीसेक पावलं उरली होती तेव्हा दगड आले. माय जागीच गेली. कालवडीला खरचटलंसुद्धा नाही.

गाडी यायच्या आत कवडूनं मायला खांद्यावर घेऊन वर आणलं होतं.

सगळे तिकडे पळाले. मी उलट दिशेला गेलो. तो ढिगारा मी दहा मिनिटांत चढलो. एरवी मला पंचवीस लागायची. डब्याचं झाकण उघडलं. सातवा स्क्रू फिरवला. घड्याळ लावून तपासला. तीन मिनिटं. झाकण लावलं, हातानं पुसलं, आणि खाली येऊन गर्दीत उभा राहिलो.

चौकशी नऊ दिवसांनी झाली. बाहेरून दोन अधिकारी आले होते. भले लोक होते, सगळं नीट तपासायचे. त्यांनी ढिगाऱ्यावर येऊन प्रत्येक नंबर घड्याळ लावून पाहिला. बाराच्या बारा बरोबर निघाले. धाकट्या अधिकाऱ्यानं वायरी बघून मला विचारलं, "काम तुमचं का? स्वच्छ केलंय." मी हो म्हणालो.

खाली ऑफिसात निखाडेभाऊंनी जबाब दिला. दोन खट् ऐकू आले, बार उडवला. दोन खट्चा नियम कोणी केला? मी केला. लेखी परवानगी होती? नव्हती. भाऊ काहीही लपवत नव्हते. त्यांचा बार उडवण्याचा परवाना त्याच महिन्यात गेला.

मग मला बोलावलं. "कोणी बटण न दाबता सेटमध्ये तसा आवाज येऊ शकतो?"

"नाही साहेब."

"यंत्र आपोआप दोन खट् देऊ शकतं?"

"नाही साहेब. बटण दाबावंच लागतं."

दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी होती. मी ती घोकून गेलो होतो.

कवडूला खुर्ची दिली. मोठे अधिकारी म्हणाले, "सावकाश सांगा." पण सात माणसं तोंडाकडे बघत असताना त्याचं काय होणार? मान वर गेली, डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत राहिला. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "राहू द्या. बटण किती वेळा दाबलं, तेवढं बोटांनी दाखवा."

कवडूनं हात वर केला. आधी दोन बोटं. मग तीन, चार, पाच. मग त्याला स्वतःलाच आठवेना. तो हाताकडे बघत राहिला आणि त्यानं हात खाली घेतला. 'पहारेकऱ्यानं गोंधळून चुकीचा संकेत दिला,' असं लिहिलं गेलं. कंत्राटदारानं त्याला त्याच दिवशी काढलं. त्याआधीच गेडाममायच्या मुलानं त्याच्या घरावर दगड टाकले होते.

संध्याकाळी मी सायकल स्टँडवर गेलो तर तो माझ्या सायकलपाशी उभा होता. मला वाटलं, याला कळलं. डबा यानंच धरला होता. घरी बसून यानं सगळं जुळवलं असणार. मी मनात उत्तरं शोधायला लागलो. आजूबाजूला कोणी नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं. मान वर गेली. मी घड्याळात बघितलं नाही, पण पूर्ण दोन मिनिटं तरी गेली असतील. मी मध्ये बोललो नाही, वाक्य पुरं करून दिलं नाही, दुसरीकडे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकत होतो, कारण मला भीती वाटत होती.

"तुम्ही सांगतलं होतं," तो म्हणाला, "नाकानं श्वास घे, देवाचं नाव घे. त्या टायमाले मी विसरलो. श्वास धरूनच बसलो. म्हनून सेट मरत गेला. दोनदा मेला, आन् भाऊले वाटलं साफ हाय." तो थांबला. पुढचा शब्द अडकला होता. मी वाट बघितली. "मंजे, मायले मीच मारलं ना, साहेब?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला फक्त पक्कं माहीत करून घ्यायचं होतं, आणि मशीनमधलं कळणारा माणूस त्याच्या ओळखीचा एकच होता.

म्हातारपणी मला झोप लागत नाही वगैरे मी म्हणणार नाही. झोप लागते. नोकरी पुरी केली, पेन्शन खातो. पण बोलायच्या आधी मला एवढा वेळ कधीच लागला नव्हता, आणि नंतरही कधी लागला नाही. माझंही पहिलं अक्षर अडकलं होतं. तो मान जरा पुढे करून उभा राहिला. माझी वाट बघत, अजिबात घाई न करता.

"हो, कवडू," मी म्हणालो. "तूच."

त्यानं मान हलवली. मग माझी सायकल स्टँडवरून काढून, वळवून, हँडल माझ्या हातात दिलं.